मी दाखवतो

सायक्स एक्स्टेंशन, दुसरा मजला, दाराला हिरवी जाळी.
रेकॉर्डर टीपॉयवर ठेवला तशा इंदुमती नेजकर म्हणाल्या,
खाली रुमाल घाल, टीपॉय कुरकुरतो,
आवाज चढतो टेपवर.
वय एक्याऐंशी. कान अजून स्टुडिओतले.

माझ्याकडे यादी होती, छापील, बावीस प्रश्नांची.
जन्मसाल. शिक्षण. या क्षेत्रात कशा आलात.
शैक्षणिक दूरचित्रवाणीच्या उभारणीतले आपले योगदान.
पहिली सतरा मिनिटं त्या नीट बोलल्या,
मी आले, मी गेले, मी रुजू झाले,
पाठीला उशी न टेकता.

योगदान म्हणताच हसल्या.
"गोगलगाय," म्हणाल्या.

इयत्ता तिसरी, परिसर अभ्यास, आठ मिनिटं.
"कळंब्याच्या तळ्याकाठनं धरलो,
पेढ्याच्या डब्यात घालून रात्रीच्या एस्टीनं गेलो.
डबा मांडीवर. झाकणाला भोकं.
शेजारचा माणूस विचारतोय, बाई, प्रसाद काय?"
दिवे लागले आणि ती शंखात शिरली ती शिरलीच.
सगळा स्टुडिओ एका शंखाभोवती,
घड्याळाकडं बघणारा मॅनेजर,
आणि कॅमेऱ्यामागचा दस्तगीर मोमीन,
ज्यानं न विचारता आपला पंचा भिजवला
आणि टेबलावर अंथरला.

तेवढ्यात वरच्या काचेतून आवाज:
बाई, तुम्ही बाई आहात. 'दाखवतो' नाही, 'दाखवते'.
पुन्हा घ्या.
पुन्हा.
"चौथ्यांदा म्हटलो गं, दाखवते.
भातात खडा लागल्यागत झालं."

राधानगरीकडच्या एका शाळेत संच होता, लाकडी कपाटात,
वर हार, खाली कुलूप, किल्ली हेडमास्तरांकडं,
हेडमास्तर तालुक्याला.
"कार्यक्रम लागला त्या दिवशी मी तिथंच, पोरांच्यात बसलो,
बंद कपाटाकडं बघत.
मग म्हटलो, चला रे, बांधावर."
एक पोरगी घाबरली होती म्हणे:
पेटीतली बाई एवढी मोठी कशी झाली?

ती फीत?
पुसली. महाग होत्या फिती, पुसूनच वापरायच्या.
"माझ्या गोगलगायीवर कबड्डी आली," म्हणाल्या,
आणि चहात बिस्किट बुडवलं, थोडं जास्त वेळ.

साल कोणतं? मी विचारलं, प्रश्न अकरावा.
"साल तू घाल कुठलं पाहिजे ते.
पंचा दस्तगीरचा होता, ते लिही."

आता रात्री उतरवून काढते आहे.
आलो, गेलो, धरलो, बसलो,
प्रत्येक क्रियापदाखाली लाल रेघ.
सूचनापत्रात कलम सहा:
व्याकरणाच्या चुका दुरुस्त कराव्यात.
मीही मंगळवार पेठेतली.
पुण्यात पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या पोरी हसल्या,
आणि दिवाळीला घरी आले तेव्हा
आई म्हणाली, कोण आलेय बघा, पाहुणी.
कोणी दुरुस्त केलं मला, आठवत नाही.
काच नव्हती वर. मीच असणार.

एका तासाच्या पुढे, एकविसाव्या मिनिटाला
मी विचारते, मग बाहेर आली का ती?
त्या म्हणतात, "थांब, मी दाखवतो."

आणि पुढे चाळीस सेकंद काहीच नाही.

त्यांनी डाव्या मुठीवर उजवा हात ठेवला होता,
दोन बोटं आत मुडपलेली,
आणि ती इतकी सावकाश वर आली
की मी श्वास घ्यायची विसरले होते.
उजवं बोट जरा पुढं, डावं मागं,
हवेचा वास घेत.
नखावर मेंदीचा जुना डाग.

आम्ही फक्त आवाज घेत होतो.
कलम नऊ: अशा ठिकाणी कंसात 'शांतता' लिहावे.
लिहिलं. खोडलं.
चाळीस सेकंदांत शेजारच्यांचा कुकर एकदा शिट्टी देतो,
खाली कोणीतरी स्कूटर चालू करायला बघतंय, होत नाहीये,
आणि अगदी शेवटी, रुमालामुळे जेमतेम, माझा आवाज:
आली की.